फॉक्स-बॉडी मस्टँगसाठी ई३०३ कॅम, २४ पौंडी इंजेक्टर आणि एमएस३प्रो: दोन उन्हाळे चालवून झाल्यावर

आधी निकाल सांगते. फोर्ड परफॉर्मन्सचा ई३०३ कॅम (व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडायचे ते ठरवणारा दांडा), त्याच कंपनीचे ताशी २४ पौंडांचे, पेट्रोल फवारणारे आठ इंजेक्टर आणि जुन्या वायरिंगला थेट लागणारा एमएस३प्रो हा इंजिनाचा कॉम्प्युटर, हे तीन भाग माझ्या १९९० च्या मस्टँग जीटीत (या पिढीच्या मस्टँगलाच फॉक्स-बॉडी म्हणतात) दोन उन्हाळे चालले आहेत. पुन्हा घ्यायची वेळ आली तर हेच तिन्ही घेईन, फक्त एकाच कागदावर हिशेब मांडून एकदम घेईन. पहिल्या वर्षी मी ते सुटे सुटे घेतले, दर वेळी वेगळ्या माणसाचा सल्ला ऐकून, आणि त्यात एक अख्खा मोसम वाया गेला. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

उन्हाळे म्हणते, कारण मी मिशिगनमध्ये कँटनला राहते. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पसरतात आणि जुनी गाडी त्या मिठात काढली की खालून गंजत जाते. त्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल गाडी गॅरेजमध्ये उभी असते आणि कामं तेव्हाच होतात. माझी नोकरी सॉफ्टवेअरची. इंजिन हा पेशा नाही. पण बाबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभे होते, ऑइल इंजिनांचे भाग करत. मायक्रोमीटर कसा धरायचा हे मला पाढे यायच्या आधी येत होतं.

आता गाडी. हिला '५.०' म्हणतात, पण प्रत्यक्षात इंजिन ४,९४२ सीसीचं, म्हणजे ३०२ घनइंच: बोअर ४ इंच, स्ट्रोक ३ इंच. कारखान्यातून २२५ हॉर्सपॉवर, तेही ४,२०० आरपीएमलाच, आणि ३०० पौंड-फूट टॉर्क ३,२०० ला. खाली जोर भरपूर, पण साडेचार हजारांच्या पुढे दम संपतो. याचं मुख्य कारण हेड (सिलिंडरांवरचं, व्हॉल्व्ह असलेलं झाकण) आणि इनटेक (हवा आत आणणाऱ्या वाटा) अरुंद आहेत. मी जंकयार्डातून १९९६ च्या फोर्ड एक्सप्लोररचे जीटी-४० हेड आणि त्याचंच इनटेक काढून आणलं. हेडच्या टोकाला तीन उभ्या रेघा उठलेल्या असतात, त्यावरून ओळखायचे. चार रेघा दिसल्या तर ते जीटी-४०पी. त्यांच्या प्लगचा कोन वेगळा आहे आणि मस्टँगच्या बऱ्याच हेडरना, म्हणजे एक्झॉस्टच्या नळ्यांना, तो आडवा येतो. हेड बीडाचेच आहेत, जड आहेत, पण पैशांच्या मानाने इतकं चांगलं दुसरं काही मिळणार नाही. हेड मोकळे झाल्यावर कॅमचा विषय आपोआप येतो.

ई३०३ चे आकडे असे: व्हॉल्व्ह ०.४९८ इंच उचलतो (मूळ कॅम ०.४४४), ०.०५० इंच उचलीला मोजलेला उघडा काळ २२० अंश, आणि इनटेक व एक्झॉस्ट लोबांच्या (कॅमवरच्या उंचवट्यांच्या) मध्यातलं अंतर ११० अंश. यातला शेवटचा आकडा लोक वाचत नाहीत आणि सगळ्यात जास्त रडवतो तोच. हे अंतर जितकं कमी, तितका दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ जास्त. वरच्या आरपीएमला त्याचा फायदा होतो, बाहेर जाणारा धूर आत येणाऱ्या हवेला ओढून घेतो. स्लोला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असतं तेव्हा, मात्र उलट होतं. जळालेला वायू मागे इनटेकमध्ये शिरतो, व्हॅक्यूम पडतो आणि इंजिन हेलकावे खात चालतं. ज्या लप-लप आवाजावर इथली माणसं जीव टाकतात तो आवाज याचाच. मूळ कॅमला माझ्या गेजवर १९ इंच व्हॅक्यूम होता. ई३०३ ला ८५० आरपीएमवर तो १४ आला. ब्रेकचा बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो, तेव्हा चौदाच्या बरंच खाली नेणारा कॅम रोजच्या गाडीत घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चौदाला ब्रेक नीट लागतात, पार्किंगमध्ये लागोपाठ तीनदा दाबले तरी.

याच घराण्यातला बी३०३ मी पाहिला होता. त्याचा काळ २२४ अंश, अंतर ११२, उचल ०.४८०. उचल कमी आणि काळ जास्त, हे समीकरण मला पटलं नाही. नवे हेड उचलीला प्रतिसाद देतात, मग ती सोडायची कशाला? एफ३०३ चं अंतर ११४ आहे, उचल ०.५१२. ज्यांना पुढे सुपरचार्जर लावायचा आहे त्यांनी तो बघावा.

कॅम घ्यायच्या आधी आपली गाडी कुठल्या सालची ते मात्र नक्की बघा. १९८६ ते १९८८ च्या मस्टँगला हवा मोजायचा मीटरच नव्हता (१९८८ च्या कॅलिफोर्नियातल्या गाड्या सोडून). त्या इनटेकमधल्या दाबावरून हवेचा अंदाज बांधतात. कॅम बदलला की स्लोचा दाब बदलतो, कॉम्प्युटरला वाटतं इंजिनावर भार आलाय, तो पेट्रोल ओततो, आरपीएम चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. १९८९ पासून एअर फिल्टरच्या डब्याजवळ मास एअर मीटर आला. हवा किती आली हे तो प्रत्यक्ष मोजतो, म्हणून कॅमचा बदल बराचसा पचवतो. जुनी गाडी घेताना त्या डब्याजवळची नळी उघडून मीटर आहे का बघा. आणखी एक, १९८६ च्या पिस्टनांना व्हॉल्व्हसाठी खाच नाही. त्या इंजिनात जास्त उचलीचा कॅम आणि मोठ्या व्हॉल्व्हचे हेड घालण्याआधी दहादा मोजा.

मोजायची रीत तीच जुनी. पिस्टनवर मुलांच्या खेळायच्या मातीचा गोळा थापायचा, हेड बसवून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं, हेड काढून माती कापायची आणि सगळ्यात पातळ जागी कॅलिपर लावायचा. इनटेकला किमान ०.०८० इंच, एक्झॉस्टला ०.१०० इंच मोकळं हवं. मला इनटेकला ०.१२ च्या जवळ मिळालं. व्हॉल्व्ह-स्प्रिंग बदलल्याच पाहिजेत, मूळच्या स्प्रिंगांच्या गुंडाळ्या अर्ध्या इंचाच्या उचलीला एकमेकींना टेकायच्या बेतात येतात. डिस्ट्रिब्यूटरचं (कॅमवर फिरून स्पार्क वाटणाऱ्या भागाचं) गिअर पोलादी हवं. या कॅमला बीडाचं गिअर चालत नाही, दात झिजून त्याची पूड ऑइलमध्ये फिरते. माझ्यासारख्या १९९० च्या एचओ (हाय आउटपुट) इंजिनात कंपनीचंच पोलादी असतं. पण मधे कुणी डिस्ट्रिब्यूटर बदलला असेल तर लोहचुंबकावर विसंबू नका, ते दोन्हींना चिकटतं. पार्ट नंबर वाचा.

हे गिअरचं मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "कॅम ओतीव का घडीव?" आमच्याकडे सोलापूरला प्रिसिजन कॅमशाफ्ट्समध्ये ओतीव बीडाचे कॅम होतात, लोब ओततानाच झटक्यात गार करून कठीण केलेले, आणि ते जगभरच्या गाड्यांत जातात. सोलापूरचा माल कुठल्या कुठल्या देशात गेलाय हे सांगताना बाबांचा आवाज अजून चढतो. माझा रोलर कॅम पोलादाचा आहे हे ऐकल्यावर म्हणाले, "मग जोडीचं गिअर बघ की आधी." तोवर मी ते पाहिलं नव्हतं.

कॅम बसवणं हे सलग दोन सुट्ट्यांचं काम आहे. रेडिएटर काढा, एसीचा कंडेन्सर बाजूला घ्या, वॉटर पंप, टायमिंग कव्हर, वरून इनटेक. वॉटर पंपाचे काही बोल्ट पाण्याच्या वाटेत असल्याने गंजून बसलेले असतात. आधी तीन दिवस तेल सोडत राहा, नाहीतर ब्लॉकमध्येच तुटतील. रोलर लिफ्टर (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह उचलणारे भाग) चांगले असतील तर तेच परत वापरता येतात, पण ज्या भोकातला त्याच भोकात. मी अंड्यांच्या दोन ट्रे घेऊन नंबर टाकले होते. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-७-२-६-५-४-८. जुन्या ३०२ ची वेगळी आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकातली बघून वायरी लावू नका.

इथवर सगळं छान होतं. घोटाळा इंजेक्टरपासून सुरू झाला.

मूळ इंजेक्टर नारिंगी रंगाचे, ताशी १९ पौंडांचे. म्हणजे एक इंजेक्टर पूर्ण उघडा ठेवला तर तासाला १९ पौंड पेट्रोल सोडेल. तो पूर्ण वेळ उघडा ठेवायचा नसतो, ८५ टक्क्यांवर थांबायचं. आणि एक हॉर्सपॉवर तासभर द्यायला साधारण अर्धा पौंड पेट्रोल लागतं. आता गणित सोपं आहे: १९ गुणिले ८ इंजेक्टर गुणिले ०.८५, भागिले ०.५. उत्तर २५८ हॉर्सपॉवर. त्यापुढे १९ पौंडी पुरत नाहीत. मला क्रँकवर, म्हणजे थेट इंजिनाच्या दांड्यावर, ३०० हवे होते. उलटं गणित केलं तर प्रत्येकी २२ पौंड लागतात, म्हणून २४ पौंडी. ते ३२६ पर्यंत पुरतात. तीस पौंडी ४०८ पर्यंत.

हे मला आज येतं. तेव्हा एका ऑनलाइन विक्रेत्याने सांगितलं, "पुढे वाढवायचं असेल तर आत्ताच ३० घ्या, आणि सोबत हा कॅलिब्रेटेड मीटर घ्या, कॉम्प्युटरला हात लावायची गरज नाही." वापरलेले, साफ केलेले आठ इंजेक्टर आणि एक चकचकीत मीटर आला. इंजेक्टरांचा फ्लो मोजल्याचा कागद नव्हता. मागितला, मिळाला नाही.

हा कॅलिब्रेटेड मीटर काय करतो हे नीट समजून घ्या, कारण आजही तो सर्रास विकला जातो. मूळ कॉम्प्युटरला वाटतं की इंजेक्टर १९ पौंडीच आहेत. ३० पौंडी घातले की तो तितकाच वेळ उघडेल आणि दीडपटीहून जास्त पेट्रोल जाईल. हे टाळायला मीटर मुद्दाम खोटं सांगतो: आली शंभर भाग हवा, सांगतो त्रेसष्ट. कॉम्प्युटर त्रेसष्ट भागांचं पेट्रोल मागतो, मोठे इंजेक्टर शंभर भागांचं देतात, हिशेब जुळला. पेट्रोलचा जुळला. पण तो हवेचा आकडा फक्त पेट्रोलसाठी नसतो. इंजिनावर भार किती हे कॉम्प्युटर त्याच आकड्यावरून ठरवतो आणि स्पार्क किती आधी द्यायचा ते त्या भारावरून. भार कमी आहे असं समजून तो स्पार्क जास्त आधी देतो, नेमका जेव्हा इंजिनावर पूर्ण भार असतो तेव्हा. मी ॲन आर्बरच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि बाटलीत गोट्या हलवल्यासारखा आवाज आला. पाय काढला. सगळ्यात महागडं ९३ ऑक्टेन भरलं होतं, तरी नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप फटकन पेटणं.

आणि सपाट रस्त्यावर सगळं झकास वाटत होतं! कारण सावकाश चालताना एक्झॉस्टमधले ऑक्सिजन सेन्सर चूक पकडतात आणि कॉम्प्युटर पेट्रोल दुरुस्त करत राहतो. पूर्ण थ्रॉटलला तो सेन्सरकडे बघत नाही, तेव्हा मीटर जे सांगेल ते खरं. म्हणून 'माझी गाडी तर मस्त चालते' असं कुणी सांगितलं की मी विचारते, पूर्ण पाय दाबून वाइडबँडवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरवर) काय दिसतं?

दुसरा त्रास स्लोचा. दिवसा ठीक. संध्याकाळी हेडलाइट आणि ब्लोअर लावून सिग्नलला थांबले की आरपीएम सहाशेवर घसरायचा आणि गाडी बंद. फोर्ड रोडवरच्या गर्दीत माझ्यामागे पिकअपवाले हॉर्न मारायचे. कॅम मोठा आहे म्हणून असं होणारच, असं चार जणांनी सांगितलं. मी मानलंही. मग एका रविवारी बाबांना व्हिडिओवर आवाज ऐकवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. फ्युएल इंजेक्शन त्यांनी कधी उघडलेलं नाही, पण त्यांनी विचारलं, "दिवे लावल्यावरच का गं पडते? कॅमला दिवे लावलेले कसं कळतंय?"

तिथून सुटला तिढा. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी झडप. हुकूम मिळाल्यापासून प्रत्यक्ष उघडेपर्यंत जवळजवळ एक मिलिसेकंद जातो, आणि बॅटरीचे व्होल्ट कमी झाले की तो वेळ वाढतो. स्लोला इंजेक्टरला एकूण दोन-तीन मिलिसेकंदांचाच हुकूम असतो. दिवे लागले, व्होल्ट पडले, उघडायचा वेळ वाढला, पेट्रोल कमी गेलं. कॉम्प्युटरमध्ये ही भरपाई असते, पण ती मूळच्या नारिंगी इंजेक्टरांच्या मापाची. माझ्या वापरलेल्या आठांचं माप कुणालाच माहीत नव्हतं. इंजेक्टर जितका मोठा, तितका स्लोचा हुकूम छोटा आणि त्यात या उशिराचा वाटा मोठा. गरजेपेक्षा मोठे इंजेक्टर घ्यायचे नाहीत ते यासाठी. 'पुढे वाढवायचं असेल तर' हा सल्ला पैसे वाचवणारा वाटतो, पण रोज सिग्नलला त्याची किंमत मोजावी लागते.

ते सगळं काढलं आणि फोर्ड परफॉर्मन्सचे नवे २४ पौंडी घेतले. यांच्याविषयी मी मनापासून चांगलं लिहिणार आहे, कारण सोबत आकडे मिळतात: दर किती, वेगवेगळ्या व्होल्टला उशीर किती, छोट्या हुकमाला दर कसा बदलतो, सगळं कंपनीने जाहीर केलेलं आहे. इंजेक्टर घेताना आपण पितळ-प्लास्टिकच्या जोडीला हा आकड्यांचा कागदही विकत घेत असतो. कागद नसेल तर घेऊ नका, फुकट मिळाले तरी. नव्या इंजेक्टरांचा कनेक्टर वेगळ्या घडणीचा आहे, १९९० च्या हार्नेसला मधे अडॅप्टर लागतात, ते सोबतच मागवा. दाबाचंही लक्षात ठेवा. फोर्डचा २४ हा आकडा ३९ पीएसआयचा आहे. दुसऱ्या कंपन्या ४३.५ पीएसआयला मोजून सांगतात. दर दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे हाच इंजेक्टर तिकडे २५ पौंडांच्या थोडा वर म्हणून विकला जाईल. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून गेजवर दाब बघा आणि तोच आकडा हिशेबात धरा.

राहिला कॉम्प्युटर. माझ्या गाडीतला मूळचा ए९एल, पाच गिअरच्या मास एअर मस्टँगचा. पॅसेंजरच्या उजव्या पायाशी, पत्र्याच्या आड बसवलेला असतो, साठ पिनांचा कनेक्टर. हा फार गुणी कॉम्प्युटर आहे. १९ पौंडी इंजेक्टर आणि मूळ मीटर ठेवून नुसता ई३०३ घातला असता तर त्याने तो सांभाळला असता, थोडी स्लोची मशागत करून. ज्यांचं बजेट तेवढंच आहे त्यांनी तिथेच थांबावं, त्यात काही कमीपणा नाही. फक्त एकदा उघडून आतले कपॅसिटर बघा. तीस वर्षांत ते गळतात आणि खालच्या पट्ट्या खातात. माझ्या ए९एलचे मी बदलून घेतले.

२४ पौंडी आणि ३०० हॉर्सपॉवरसाठी तीन वाटा होत्या. पहिली, १९९३ च्या मस्टँग कोब्राचा एक्स३झेड कॉम्प्युटर. कोब्राला कंपनीकडूनच २४ पौंडी इंजेक्टर, ७० मिलिमीटरचा मीटर आणि जीटी-४० हेड होते, त्यामुळे हे तिन्ही एकमेकांना खरं सांगतात. फार सुंदर जोडी आहे, पण मूळ एक्स३झेड दुर्मिळ आणि महाग. दुसरी, ए९एलच्या मागच्या सर्व्हिस पोर्टवर चिप लावून त्याचे आकडे बदलायचे. जाणता ट्यूनर जवळ असेल तर उत्तम. तिसरी, पूर्ण उघडा कॉम्प्युटर. मी तिसरी घेतली, कारण मला स्वतः शिकायचं होतं.

एमएस३प्रोची ही आवृत्ती ए९एलच्याच जागी, त्याच साठ पिनांवर बसते. वायर कापावी लागत नाही. हा मेगास्क्वर्ट नावाच्या इंजिन-कॉम्प्युटरांच्या घराण्यातला. ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिप्पो या दोघांनी २००१ च्या सुमाराला सुरू केलेल्या कामातून हे सगळं वाढलं आणि त्यामुळे त्याच्यावरचा लिखित मजकूर अफाट आहे. किंमत हजार डॉलरच्या वर जाते, शिवाय वाइडबँड सेन्सर वेगळा घ्यावा लागतो. त्याच्याशिवाय घेऊच नका, डोळे बांधून स्वयंपाक होत नाही. लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ हे आकडे बदलायचं सॉफ्टवेअर चालतं.

मी खोटारडा मीटर काढून टाकला आणि इंजिन इनटेकच्या दाबावर चालवते. इथे वाचणारे मला अडवतील: वर तर १९८६ च्या गाड्यांचं दुखणं हेच सांगितलं! हो. पण तिथे दाबाचा तक्ता कंपनीच्या कॅमसाठी लिहिलेला आणि बंद होता. इथे तक्ता माझ्या कॅमसाठी मी लिहिते. ९०० आरपीएमला ५५ किलोपास्कल म्हणजे भार नव्हे, ई३०३ चा स्वभाव, हे त्याला सांगता येतं. स्लोला दाबाचा आकडा नाचतो, म्हणून त्या भागातल्या शेजारशेजारच्या चौकटी मी जवळजवळ सारख्या ठेवल्या. आकडा इकडून तिकडे उडाला तरी पेट्रोल तेवढंच राहतं. आणि स्लो धरायचं काम स्पार्ककडे दिलं: आरपीएम पडला की स्पार्क दोन-चार अंश आधी, चढला की मागे. हवेची झडप हळू आहे, स्पार्क लगेच ऐकतो. या एका सेटिंगने जे झालं ते आधीच्या मोसमात महिनाभर स्क्रू फिरवून झालं नव्हतं. इंजेक्टरांच्या उशिराचा तक्ता कागदावरून जसाच्या तसा भरला. डिस्ट्रिब्यूटरचं मूळ टायमिंग स्पाउट कनेक्टर (कॉम्प्युटरचा टायमिंगवरचा ताबा सोडवायची जोडणी) काढून ठरवायची जुनी सवय इथे चालत नाही. कॉम्प्युटरमध्ये स्थिर अंश ठेवून, टायमिंग लाइटने पुलीवर तोच अंश दिसतो का ते बघावं लागतं. हे न करता पुढे गेलात तर पुढचे सगळे आकडे खोट्या शून्यावर उभे राहतील.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो गार इंजिनाला. गार सुरू होण्याचे तक्ते दिवसातून एकदाच तपासता येतात, कारण इंजिन पुन्हा गार व्हायला रात्र जावी लागते. एप्रिलमधल्या तीन-चार अंशांच्या सकाळी मी चहाचा कप घेऊन गॅरेजमध्ये जायची, एकदा चावी फिरवायची, नोंद करायची, परत घरात. पाच आठवडे. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी उघडा कॉम्प्युटर घेऊ नये, कुठल्याही कंपनीचा. सोबत येणाऱ्या तयार तक्त्यांवर गाडी पहिल्या दिवशी सुरू होते, चालतेही. चांगली चालायला मात्र हे सगळं करावं लागतं. आणि आपल्या राज्यात धुराची तपासणी असेल तर आधी तिथला नियम वाचा. मिशिगनमध्ये ती नाही, म्हणून मला मोकळीक होती.

डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) मागच्या चाकांना २५२ हॉर्सपॉवर मिळाले. मधल्या गिअरबॉक्स-ॲक्सलचे पंधरा टक्के धरले तर क्रँकवर ३०० ला थोडे कमी. पूर्ण थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं मिश्रण १२.७ च्या आसपास, स्पार्क ३२ अंश, नॉकिंग अजिबात नाही. मला त्याहून जास्त आनंद दुसऱ्या एका आकड्याचा झाला. लॉगमध्ये इंजेक्टर जास्तीत जास्त ७८ टक्के उघडे दिसले, आणि कागदावरच्या गणितातही ७७-७८ च येत होते. हायवेला गॅलनला २३ मैल मिळतात, लिटरला पावणेदहा किलोमीटर. कोल्हापुरातून पहिला प्रश्न ॲव्हरेजचाच येतो, म्हणून सांगून ठेवते. ताकद आता साडेपाच हजारांपर्यंत चढत राहते. दोन हजारांच्या खाली मात्र मूळ गाडीपेक्षा थोडी बोथट झाली आहे, पाचव्या गिअरमध्ये सावकाश रेंगाळता येत नाही. ई३०३ घेणाऱ्याने हे मान्य करूनच घ्यावा. ज्यांची गाडी ऑटोमॅटिक आहे आणि टॉर्क कन्व्हर्टर मूळचा आहे, त्यांना मी हा कॅम सुचवणार नाही.

गेल्या जुलैत बाबा दोन महिन्यांसाठी आले होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी गॅरेजमध्ये उभे. मी गाडी सुरू केली, गरम होऊ दिली. त्यांनी तळहात फेंडरवर ठेवला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दिवे लाव." लावले. "पंखा." ब्लोअर चारवर टाकला. "एसी असेल तर तोपण." काटा साडेआठशेवरून किंचित हलला आणि परत येऊन बसला. लप-लप तशीच चालू. बाबांनी हात काढला, पँटला पुसला.

"बंद कर आता," ते म्हणाले, "पेट्रोल जळतंय उगाच."